दोन कप शेजारी ठेवा: घरच्या घरी चहा चाखायला शिकताना

एकच चहा कितीही लक्ष देऊन प्यायलात, तरी त्याच्याबद्दल फारसं सांगता येत नाही. कडक आहे, फिका आहे, बरा आहे, इथेच गाडी थांबते. आता त्याच्या शेजारी दुसरा चहा ठेवा. दोन्हीकडे पत्ती तेवढीच, पाणी तेच, वेळ तीच. आलटून पालटून घोट घ्या. लगेच तोंडातून शब्द यायला लागतात: हा जास्त तुरट, त्याला मागाहून गोडवा आहे, ह्याचा वास नाकात राहतो, तो मात्र गिळला की संपला. चहा चाखणं शिकायचं ते असं, तुलनेतून, आणि त्याला सांगलीतलं कुठलंही स्वयंपाकघर पुरतं. महागडी किटली लागत नाही. सुट्टीच्या दिवशीचा एखादा निवांत तास आणि दुधाशिवाय चहा प्यायची तयारी, एवढं असलं की झालं.

दुधाच्या चहाला मी मुळीच कमी लेखत नाही. त्याची वेगळी बैठक पुढे दिली आहे. पण दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, साखर कडवटपणा झाकते आणि आलं-वेलची वासाचा ताबा घेतात. पत्ती कशी आहे हे कळायचं तर आधी कोरा चहाच प्यायला हवा.

झाड एक, चहा अनेक

हिरवा, पांढरा, ऊलाँग, काळा हे सगळे चहा एकाच झाडाचे: कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. चिनी झाड लहान पानाचं आणि थंडी सोसणारं, तर आसामी मोठ्या पानाचं, उष्ण आणि दमट हवेतलं. चव मुख्यतः ठरते ती पान खुडल्यानंतर त्याचं काय करतात त्यावर. चिरलेलं वांगं हवा लागून जसं काळपट होतं, तसंच मुरगळलेलं चहाचं पानही होतं. ही क्रिया सुरू होण्याआधीच पानाला उष्णता दिली तर हिरवा चहा, अर्ध्यावर थांबवली तर ऊलाँग, पूर्ण होऊ दिली तर काळा. पांढऱ्या चहात कोवळे कोंब फक्त सुकवून वाळवतात. गवती चहा हे वेगळंच गवत असल्यामुळे त्याला या तुलनेत घेत नाही.

काळ्या चहाच्याही दोन वाटा आहेत. ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान सुकवून वळतात, त्यामुळे पत्ती लांब, पिळदार राहते. सीटीसी पद्धतीत दातेरी रुळांमधून पान चिरडतात, फाडतात आणि त्याचे गोल दाणे करतात. हे यंत्र १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आसाममध्ये आलं आणि आज भारतातला बहुतेक चहा असाच बनतो. दाण्यातून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून दुधाच्या चहाला तो फार चांगला. लांब पत्ती सावकाश उतरते, पण तिच्यात वासाचे पदर जास्त असतात. हा फरक जिभेने ओळखता आला की निम्मं काम झालं असं मी मानतो.

काय आणायचं

एक चहा घरात आहेच, रोजचा दाणेदार. त्याच्या सोबतीला आसामचा ऑर्थोडॉक्स, दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा (मार्च-एप्रिलच्या तोडणीचा), दार्जिलिंगचाच दुसऱ्या बहराचा (मे-जूनच्या तोडणीचा), निलगिरीचा एक, कुठलाही साधा हिरवा चहा (कांगड्याचा मिळाला तर उत्तम) आणि जमलं तर एक ऊलाँग. प्रत्येकी २५ किंवा ५० ग्रॅमचं पाकीट पुरे. पाव किलो घेऊन ठेवू नका. चव ओळखीची होईपर्यंत तो शिळा होतो. सांगली-मिरजेच्या बाजारात दाणेदार चहा आणि डस्ट हवी तेवढी मिळते, लांब पत्ती मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते. सगळे एकदम मागवायची घाई नको. महिन्याला दोन चहा घेतले तरी चालेल, फक्त जोडीने घ्या.

पाकिटावर एफटीजीएफओपी किंवा बीओपी अशी लांबलचक अक्षरं असतात. ती पानाचा आकार आणि कोवळ्या टोकांचं प्रमाण सांगतात, चवीची हमी देत नाहीत. 'ऑरेंज पेको' या नावाचाही संत्र्याच्या चवीशी संबंध नाही. अक्षरांपेक्षा मळ्याचं नाव, तोडणीचा हंगाम आणि पॅकिंगची तारीख बघा. दार्जिलिंग घेताना टी बोर्डाचं चिन्ह शोधा: हातात दोन पानं आणि एक कळी धरलेल्या स्त्रीची आकृती. दार्जिलिंग चहा हे भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन. ते मिळालं २००४ साली, आणि त्याखाली नोंदलेले मळे केवळ ८७ आहेत. कुठल्याही पत्तीवर हे नाव लावून विकता येत नाही.

चहा आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेतो. मोगऱ्याचा चहा बनतो तो याच गुणामुळे. हळद, मसाला आणि चटणीच्या डब्यांच्या फळीवर दार्जिलिंगचं पाकीट ठेवलं तर पंधरवड्यात त्याची रया जाते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, अंधारी आणि कोरडी जागा, गॅसपासून लांब. पावसाळ्यात डबा उघडा टाकून फोन घ्यायला जाऊ नका. हिरवा आणि पहिल्या बहराचा चहा आधी संपवा, दाणेदार त्यामानाने टिकतो.

पाण्याकडे आधी बघा

चहात पत्ती वजनाने दोन टक्के, बाकी सगळं पाणी. सांगलीत एकाच गल्लीत तीन तऱ्हेचं पाणी सापडतं: नळाला येणारं कृष्णेचं, बोअरचं आणि फिल्टरचं. बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. त्यात कोरा चहा केला तर पाच मिनिटांत वर तपकिरी साय धरते, कपाच्या कडेला डाग राहतो, रंग मळकट आणि चव बोथट होते. ती साय म्हणजे पाण्यातले चुन्याचे क्षार आणि चहातली द्रव्यं यांचा संयोग. आरओचं पाणी दुसऱ्या टोकाला जातं. क्षार जवळजवळ निघून गेल्यामुळे चहा स्वच्छ दिसतो, पण पाणी फारच उतरवलेलं असेल तर चवीत अंग, म्हणजे भरीवपणा, राहत नाही.

म्हणून पहिली बैठक पाण्याचीच करा. रोजचाच चहा, ३ ग्रॅम पत्ती आणि १५० मिली पाणी, तीन कपांत तीन पाणी, ३ मिनिटं. नवी खरेदी शून्य, आणि हाच प्रयोग लोकांना सगळ्यात जास्त चकित करतो. मला नळाचं पाणी गाळून आणि झाकण न ठेवता उकळून वापरलं की चव आवडते. उघडं उकळल्याने क्लोरीनचा वासही बराच जातो. आरओ फार सपाट वाटला तर त्यात निम्मं नळाचं मिसळून पाहा. एकदा पाणी ठरवलं की पुढच्या सगळ्या बैठकांना तेच.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. साधारण ३०० मीटर वर गेलं की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ अंशांना. काळ्या चहाला ९८ अंश भरपूर झाले. हिरव्याला मात्र ते जास्त होतात. थर्मामीटर नसेल तर तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पिण्याचं पाणी एकत्र करा. तापमान ८० अंशांच्या जवळ येतं. कोमट होण्याची वाट बघत घड्याळ धरून बसण्यापेक्षा हा उपाय जास्त भरवशाचा.

मांडणी

आतून पांढरे, एकाच आकाराचे कप घ्या. रंगीत किंवा स्टीलच्या पेल्यात चहाचा रंग कळत नाही. कप गरम पाण्याने नुसते विसळा, कारण भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास कपात राहतो. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा बाजारात स्वस्तात मिळतो. खर्च करायचाच असेल तर त्याच्यावर करा. चमच्याने मोजलं तर फसगत होते. दाणे चमच्यात दाटून बसतात आणि लांब पत्ती फुगून राहते, त्यामुळे त्याच चमच्यात वजनाचा दुपटीचाही फरक पडतो.

चहा चाखण्याचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३. ते १९८० साली ठरलं. १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, झाकण ठेवून ६ मिनिटं. हा चहा मुद्दाम जहाल होतो, कारण परीक्षकाला दोष शोधायचे असतात. आपल्याला आनंदही हवा आहे, म्हणून पत्तीचं प्रमाण तेच ठेवून वेळ कमी करू: १५० मिलीच्या कपाला ३ ग्रॅम. काळा चहा उकळत्या पाण्यात ३ ते ४ मिनिटं, पहिल्या बहराचं दार्जिलिंग ९० अंशांच्या आसपास ३ मिनिटं, हिरवा ८० अंशांना २ मिनिटं, ऊलाँग ९० ते ९५ अंशांना ३ मिनिटं. चाखण्यापुरतं हे ठीक. रोज पिण्यासाठी करताना पत्ती ३ ऐवजी २ ग्रॅम घ्या.

पत्ती सुटी पाण्यात सोडा, वरून बशी झाका आणि वेळ झाली की दुसऱ्या कपात गाळा. छोट्या गोल जाळीत कोंबलेली लांब पत्ती उलगडत नाही. ज्या क्रमाने पाणी ओतलं त्याच क्रमाने गाळा, म्हणजे प्रत्येकाला सारखी वेळ मिळते. गाळलेली ओली पत्ती फेकू नका, तिचं काम आहे.

सकाळी नाश्त्यानंतर तासाभराने बसलेलं बरं. उपाशीपोटी कडक कोरा चहा मळमळ आणतो, निदान अर्धी चपाती तरी पोटात असू द्या. मात्र बैठकीआधी भडंग नको. लसूण-तिखटाने जीभ पुढचा बराच वेळ दुसरं काही सांगत नाही. उदबत्ती, अत्तर, फोडणी हेही त्या वेळेपुरतं बंद. एका बैठकीला चारपेक्षा जास्त चहा घेऊ नका आणि घोट गिळलाच पाहिजे असंही नाही. व्यावसायिक परीक्षक थुंकूनच टाकतात. ज्यांना झोपेची तक्रार आहे त्यांनी संध्याकाळची बैठक टाळावी. रक्त कमी असलेल्यांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

घोट कसा घ्यायचा

आधी कोरडी पत्ती. गरम केलेल्या रिकाम्या कपात ती टाकून झाका, अर्ध्या मिनिटाने बशी उचलून हुंगा. उबेने वास मोकळा होतो. मग गाळल्यावर ओली पत्ती हुंगा. चहाबद्दल सगळ्यात जास्त इथेच कळतं आणि घाईत लोक नेमकं हेच सोडतात. ओली पत्ती बोटाने उलगडून बघा: अख्खं पान आहे की तुकडे, तांबूस आहे की हिरवट. पहिल्या बहराच्या दार्जिलिंगची ओली पत्ती बरीच हिरवी दिसते. त्याला काळा चहा म्हणतात, तरी पान खूप सुकवल्यामुळे तो पूर्ण काळा होत नाही.

मग कपातला रंग. उजेडात धरा. चांगल्या काळ्या चहाला तांबूस-सोनेरी चमक असते आणि कपाच्या कडेला पिवळसर कडी दिसते. मंद, तपकिरी आणि निस्तेज रंग म्हणजे बहुधा जुना किंवा नीट न झालेला माल.

आता चमच्याने घोट घ्या आणि जोरात भुरका मारा. घरात लहानपणी यासाठी बोलणी बसलेली असतात, इथे मात्र ते आवश्यक आहे. हवेबरोबर चहा तोंडभर पसरतो आणि वास घशामागून नाकाकडे जातो. हे पटत नसेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. कडू आणि तुरट एवढंच लागेल. चिमूट सोडा, बाकीचा चहा एकदम उमलतो.

घोट तोंडात असताना चार गोष्टी विचारा, एका वेळी एकच. कडू किती? हे जास्त करून कॅफीनचं काम. तुरट किती, म्हणजे हिरड्या आणि गाल किती ओढले जातात? चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना बांधतात तेव्हा तसं होतं. कडू आणि तुरट यांची गल्लत सगळेच करतात. ती सुटावी म्हणून एकदा कारल्याचा तुकडा आणि मग कच्च्या आवळ्याचा तुकडा चावून बघा. तिसरं, अंग कसं आहे, पाण्यासारखं पातळ की भरीव? आणि चौथं, गिळल्यावर काय उरतं आणि किती वेळ उरतं? चांगल्या चहात मागे राहणारा गोडवा एखादा मिनिटभर टिकतो.

प्रत्येक कप तीनदा चाखा: गरम, कोमट आणि गार. जीभ भाजेल इतक्या गरम चहाची चव कळतच नाही. कोमट झाल्यावर गुणही दिसतात आणि दोषही. तगडा आसाम पूर्ण गार झाला की गढूळ होतो, तेव्हा घाबरू नका. कॅफीन आणि तुरट द्रव्यं एकत्र आल्याने तसं होतं आणि चहात दम असल्याची ती खूण मानतात.

चवीला आपले शब्द

पाकिटावर मस्कॅटेल, माल्टी, फ्लोरल असं छापलेलं असतं. तो चहा पिताना तुम्हाला जे आठवेल तेच वहीत लिहा. दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगमध्ये मला तासगावचा बेदाणा सापडतो, आणि ते अगदी बरोबर बसतं, कारण मस्कॅटेल म्हणजे मुळात एका जातीच्या द्राक्षाचा वास. मे-जूनच्या त्या तोडणीत तुडतुडे पान चावतात, झाड प्रतिकारासाठी काही द्रव्यं तयार करतं आणि त्यातून हा वास येतो. आसामच्या ऑर्थोडॉक्समध्ये काकवी, भाजलेलं धान्य. हिरव्या चहात कधी हरभऱ्याचा डहाळा, कधी उकडलेल्या शेंगा. निलगिरीत फुलासारखा हलका वास आणि मोकळा, स्वच्छ घोट. डिसेंबर-जानेवारीत तिथे दहिवर पडतं, त्या दिवसांतली तोडणी मिळाली तर जरूर घ्या.

वहीत तारीख, चहा, ग्रॅम, पाणी, वेळ आणि दोन ओळी. गुण देऊ नका. 'सातपैकी पाच' असं लिहिलेलं पुढच्या महिन्यात वाचून काहीच आठवत नाही, 'ओल्या पत्तीला बेदाणा, घोट तुरट, शेवट गोड' हे वाचून लगेच आठवतं.

बैठका कोणत्या क्रमाने

पाण्यानंतर वेळेची बैठक घ्या. एकच चहा तीन कपांत, १, ३ आणि ६ मिनिटं. पहिल्यात वास आहे पण अंग नाही, शेवटच्यात अंग आहे पण वास दबलेला. तुमची आवड कुठे आहे ते इथे ठरतं.

मग रोजचा दाणेदार आणि आसामची लांब पत्ती. इथे फरक मुख्यतः बनवण्याचा. त्यानंतर दार्जिलिंगचे दोन बहर: मार्च-एप्रिलचा फिका, ताजा, किंचित हिरवट, आणि मे-जूनचा तांबूस, फळाच्या वासाचा. ही जोडी मला सगळ्यात प्रिय आहे. झाडं तीच, मळाही तोच मिळवता आला तर फारच छान, आणि मध्ये गेलेत ते फक्त काही आठवडे.

हिरव्या चहाची जोडी त्याची त्याच्याशीच लावा: एक कप ८० अंशांना, दुसरा उकळत्या पाण्यात. 'ग्रीन टी कडू लागतो' म्हणून सोडून दिलेला चहा अनेक घरांत कपाटात पडलेला असतो, तोच वापरा. पहिला कप गोडसर आणि मऊ, दुसरा कडूजहर.

ऊलाँगला वेगळा न्याय. १०० मिलीला ५ ग्रॅम पत्ती घ्या, अर्ध्या मिनिटात गाळा, आणि त्याच पत्तीवर पुन्हा पाणी. असं पाच-सहा वेळा, दर वेळी थोडी वेळ वाढवत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्याचा चहा बहुधा सगळ्यात सरस लागतो.

दुधाची बैठक आता. दोन वेगळ्या पत्त्या, दोन सारखी पातेली, प्रत्येकी १०० मिली पाणी, १०० मिली दूध, ४ ग्रॅम पत्ती, साखर नाही. पाण्यात पत्ती दोन मिनिटं उकळा, तापवलेलं दूध घाला, एक उकळी येऊ द्या. चांगल्या पत्तीचा दुधातला रंग तांबूस, उजळ येतो. कमअस्सल पत्तीचा राखाडीकडे झुकतो. दूध घातल्यावरही पत्तीचा वास वर येतो का बघा. जो येतो तो चहा घरी ठेवा, मग साखर, आलं, गवती चहा ज्याला त्याला आवडेल तसं. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटायची भीती.

ओळख पक्की झाली का

घरातल्या कोणाला तरी तीन कप भरायला सांगा: दोनांत एकच चहा, तिसऱ्यात वेगळा. खुणेची चिठ्ठी कपाच्या तळाला चिकटवायची, तुम्ही तोवर दुसऱ्या खोलीत. वेगळा कप कोणता ते चाखून सांगायचं. रंगावरून ओळखता येऊ नये म्हणून डोळे मिटून घोट घ्या. एकदा बरोबर आलं तर त्याला फार अर्थ नाही, अंदाजानेही तीनपैकी एकदा ते येतंच. ओळीने पाच वेळा बरोबर आलं तर मात्र तो योगायोग असण्याची शक्यता २४३ मध्ये १ उरते. सुरुवात आसाम आणि निलगिरीने करा, मग दार्जिलिंगचे दोन बहर, आणि शेवटी सगळ्यात अवघड जोडी: एकाच मळ्याचा, एकाच बहराचा, पण दोन वेगळ्या वर्षांचा चहा. चुकायला लागलात तर तोंड साध्या पाण्याने धुऊन दहा मिनिटं थांबा. जीभ थकली की सगळेच कप सारखे लागतात, आणि थांबूनही फरक कळत नसेल तर उरलेल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी घ्या.